अर्धा भोपळा

शाळेत गणिताच्या पेपरात भोपळा मिळेल अशी मला कायम धास्ती असायची. तेव्हा तो कधी मिळाला नाही. मिळाला चाळिशी उलटल्यावर, आणि तोही परसात.

आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. एका कडेला कपडे वाळत घालायची दोरी, दुसऱ्या कडेला नळ आणि कोपऱ्यात एक खड्डा. त्या खड्ड्याला आम्ही मोठ्या तोऱ्यात 'कंपोस्ट' म्हणतो. भाज्यांची सालं, देठं, चहाचा चोथा असं सगळं त्यात पडतं. वरून वाळका पाला टाकायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे ते बहुधा राहूनच जातं. एका पावसाळ्याच्या तोंडावर त्या खड्ड्यातून दोन जाडजूड पानं वर आली. कुणीही काही पेरलं नव्हतं. आमचं कंपोस्ट जमलं असतं तर ती पानं दिसलीही नसती, कारण ओलं-सुकं नीट रचलेला ढीग आतून 55 ते 60 अंशांपर्यंत तापतो आणि त्या आचेत बहुतेक बिया मरून जातात. आमचा खड्डा कधी कोमटसुद्धा झाला नसावा. थोडक्यात, तो वेल माझ्या आळसाच्या पोटी जन्माला आला.

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "आपणहून आलाय, त्याला कशाला उपटायचा?"

महिन्याभरात त्यांचं मत बदललं. वेलानं आधी नळ गिळला, मग सायकल. एका सकाळी तर दोरीवरच्या टॉवेलला त्याच्या तणाव्यानं असा काही विळखा घातला होता की टॉवेल सोडवताना नवऱ्याला वेलाची माफी मागावी लागली. रोज सकाळी तळहाताएवढी पिवळीजर्द फुलं यायची. लेक शाळेत जाण्याआधी ती मोजायची. एके दिवशी एकवीस भरली. आम्ही मनातल्या मनात एकवीस भोपळे मोजून ठेवले, ते ठेवायचे कुठे यावरून घरात एक छोटा वादही झाला.

हिवाळा लागला, पानांवर पिठासारखी भुरी पसरली, वेल वाळला. भोपळ्याच्या वेलानं आम्हाला भोपळा दिला. हा विनोद नवऱ्यानं पहिल्यांदा केला तेव्हा सगळे हसलो. तो त्यानं पुढे चार दिवस, येईल त्या प्रत्येक माणसासमोर केला.

कारण नंतर कळलं. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात. नर फुलं आधी येतात आणि भरपूर येतात, लांब बारीक देठावर ऐटीत उभी असतात. मादी फूल आखूड देठाचं, आणि त्याच्या तळाशी सुपारीएवढा भोपळा फुलायच्या आधीपासूनच बसलेला असतो. आमच्या त्या एकवीस फुलांत किती मादी होत्या कोण जाणे, आम्ही पाहिलंच नव्हतं. ज्या होत्या त्या पिवळ्या पडून गळाल्या, कारण भोपळ्याचे परागकण जड आणि चिकट असतात, ते वाऱ्यानं उडत नाहीत. त्यांना मधमाशीच लागते, आणि मधमाशी मुसळधार पावसात बाहेर पडत नाही. (आपणही पडत नाही. पण आपल्याला तिच्यावर रागवायचा हक्क आहे असं उगाच वाटतं.) त्यातून खड्ड्यातल्या नत्रावर पोसलेला वेल. त्याला पानं काढण्यातच धन्यता वाटत होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोन बिया मुद्दाम लावल्या, खड्ड्यापासून जरा लांब. आणि मधमाशीचं काम लेकीनं अंगावर घेतलं.

मादी फूल एकाच सकाळी उमलतं. उजाडता उजाडता उघडतं, ऊन चढायला लागलं की मिटतं, ते कायमचं. म्हणजे आपल्याला सकाळचे दोन-तीन तास मिळतात. एरवी चार हाकांशिवाय न उठणारी आमची नऊ वर्षांची मुलगी त्या महिनाभर सहाला उठून दाराशी चपला शोधायची. नर फूल देठासकट तोडायचं, त्याच्या पाकळ्या अलगद सोलून काढायच्या, मग आत उभा राहतो तो पिवळ्या भुकटीनं माखलेला दांडा. तो धरून मादी फुलाच्या आतल्या जाड, चिकट कुक्षीवर हलकेच फिरवायचा. सगळीकडून. हे 'सगळीकडून' महत्त्वाचं, ते आम्हाला पहिल्या भोपळ्यानं शिकवलं. फळ भरायला शेकडो परागकण लागतात, आणि एका बाजूला कमी पडले तर फळ त्या बाजूनं नीट भरत नाही. लेकीचा पहिला भोपळा एका गालावर झोपल्यासारखा वाकडा झाला. ती हिरमुसली. आजीनं तिला सांगितलं, "अगं, हाच तर ओळखू येईल तुझा म्हणून."

तर, नऊ भोपळे झाले. वाकडा सगळ्यात लहान, अडीच किलोचा. सगळ्यात मोठा सात किलोचा. साल इतकं टणक झालं की नखही रुतेना, देठ वाळून बुचासारखं झालं, तेव्हा बोटभर देठ ठेवून ते उतरवले आणि दिवाणाखाली ओळीनं मांडले. सगळे मिळून चाळीसेक किलो. आम्ही माणसं चार.

इथे मला भोपळ्याबद्दल एक गोष्ट उमगली. टोमॅटो चार लागले तर चार तोडावेत, घेवडा मूठभर काढावा, पुदिन्याची दोन पानं चहात टाकावीत. या भाज्या घराच्या मापानं येतात. भोपळ्याला ते माप माहीतच नाही. न कापलेला भोपळा तीन-चार महिने सुखानं पडून राहतो, दिवाणाखाली, काही न मागता. पण एकदा सुरी लागली की हाती चार-पाच दिवस उरतात. पाच किलोचा भोपळा चार माणसांनी पाच दिवसांत संपवायचा म्हणजे तिसऱ्या दिवशी घरात बंड होतं. आमच्याकडे झालं. लेकीनं ताटाकडे पाहून नुसतं "परत?" एवढंच विचारलं.

म्हणजे भोपळा जपून ठेवायचा तर कापायचा नाही, आणि कापायचा तर वाटायचा. मधला मार्ग नाही. आपण विळ्या-भोपळ्याचं सख्य हा शब्द हाडवैरासाठी वापरतो, पण विळा लागला नसता तर आमचे नऊच्या नऊ भोपळे दिवाणाखालीच म्हातारे झाले असते.

पहिला अर्धा भोपळा शेजारच्या काकूंकडे गेला. त्यात उदारपणा औषधालाही नव्हता, मला फ्रिजमध्ये जागा हवी होती. काकूंनी दारातच तो हातात तोलला, कापलेल्या बाजूनं वास घेतला आणि म्हणाल्या, "बिया काढल्या नाहीस ना? बरं केलंस." मी आळसानं काढल्या नव्हत्या. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मग दुसरा अर्धा समोरच्या घरी, तिसरा माझ्या मैत्रिणीकडे, असं करत चार भोपळे आठ अर्ध्यांत संपले. सासूबाईंनी हिशेबाची एक जुनी वही काढली आणि तिच्यात 'दिले' असा मथळा देऊन तारीख, घर आणि माप लिहायला घेतलं. मी म्हटलं, "आई, दिलेलं असं मोजू नये म्हणतात." त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मोजत कुठे आहे? लिहून ठेवतेय. उद्या त्याच घरी परत नेऊन दिलास तर ते दार उघडायचे नाहीत."

यावर काय बोलणार!

आता राहिले पाच. आणि मला वाटलं की या पाचांचं काहीतरी चांगलं व्हावं. इथे माझं चुकलं, असं आता वाटतं, पण तेव्हा मी फारच भारावलेली होते. एकट्यादुकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण पोचवणारं एक स्वयंपाकघर मला माहीत होतं. रोज नव्वदेक माणसांचं जेवण तिथून जातं. मी दोन भोपळे उचलले, पिशवीत घातले, आणि एका दुपारी तिथे जाऊन उभी राहिले.

तिथल्या स्वयंपाक करणाऱ्या मावशी ओट्याचा एक कोपरा घासत होत्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मी घरी पिकवल्याचं, लेकीनं परागकण लावल्याचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, हे नको मला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"नव्वद माणसांना भाजी करायची तर मला साफ केलेला दहा-अकरा किलो भोपळा लागतो. तुम्ही आणलाय आठ, तो सोलून होणार सहा. म्हणजे वर आणखी मला आणायचा. आणि हे साल बघा. सकाळी पाचला दोन बायका असतो आम्ही. हे सोलत बसलो तर पोळ्या कोण करणार?" त्यांच्या आवाजात ना राग होता, ना ओशाळलेपण. "द्यायचं तर पुरेल इतकं द्या, आणि चिरून द्या. सकाळी साडेसहाच्या आत. आदल्या दिवशी सांगून."

मी दोन्ही भोपळे घेऊन परत आले. आठ किलो वजन येताना फार जड लागतं. घरी आल्यावर चिडचिड केली, भिकाऱ्यालाही निवड असते वगैरे काहीतरी बोलले, जे आठवून आज कानकोंडं व्हायला होतं. नवऱ्यानं पाणी दिलं आणि विचारलं, "तू भोपळा द्यायला गेली होतीस की शाबासकी घ्यायला?"

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्या मावशींना फोन केला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही वर्तमानपत्रं पसरून बसलो. काकू त्यांची सुरी घेऊन आल्या, समोरच्या घरातली दोघं आली. भोपळा गोल असतो ही त्याची मुख्य अडचण, तो सुरीखालून निसटतो आणि बोट तिथेच राहतं. सासूबाईंनी रीत घालून दिली. आधी देठाला बगल देऊन मधोमध दोन भाग, मग प्रत्येक अर्धा कापलेल्या बाजूवर पालथा टाकायचा. पालथा पडला की तो हलत नाही. मग त्याच्या होडीसारख्या फोडी, आणि साल प्रत्येक फोडीचं वेगळं. चार भोपळे झाले. बिया आणि आतला जाळीदार गर एका पातेल्यात. नखांत केशरी रंग बसला, तळहात खडबडीत झाले; भोपळ्याचा तो चीक वाळला की हातावर पातळ पापुद्रा धरतो आणि साबणालाही दाद देत नाही. लेक मधेच झोपली, वाकड्या भोपळ्याला उशाशी घेऊन. तो मात्र तिनं द्यायला साफ नकार दिला होता आणि आम्हीही धरून बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता दोन मोठे डबे घेऊन पोचलो. मावशींनी काट्यावर ठेवले. "अकरा. चालेल," म्हणाल्या आणि डबे आत घेऊन गेल्या.

मला आजवर मिळालेल्या प्रशस्तिपत्रकांत तो 'चालेल' फार वर बसतो.

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात कुठल्यातरी राक्षसी भोपळ्याचा फोटो येतो. 2023 साली अमेरिकेत विक्रमी ठरलेला भोपळा 1,247 किलोचा होता. पूर्वी मी तो फोटो कौतुकानं बघायची. आता पहिला विचार येतो तो हाच, की हे सोलणार कोण?

बियांचं पुढे असं झालं. त्या शनिवारच्या पातेल्यातल्या शेकडो बियांतल्या शंभर-दीडशे चांगल्या टपोऱ्या मी धुऊन, कागदावर पसरून, दोन दिवसांनी डब्यात भरल्या. कागद बियांना चिकटला होता, तो मी तसाच राहू दिला. बी वाकवल्यावर वाकता कामा नये, कट्‍कन मोडलं पाहिजे, तेव्हाच ते वाळलं असं समजावं, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि करणं यात आमच्या घरी नेहमीच पाल्याएवढं अंतर असतं. पुढच्या पावसाच्या आधी डबा उघडला तर आत करडी बुरशी. सगळ्या बिया एकमेकींना धरून बसलेल्या, एकही वाचली नाही.

मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत माणसानं लावलेल्या भोपळ्याच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. म्हणजे इतकी वर्षं दर हंगामाला कुणीतरी बी वाळवून, जपून, पुढच्या पावसापर्यंत नेलं. ती साखळी माझ्या डब्यात येऊन तुटली होती. निदान आमच्या परसापुरती.

काकूंना सहज म्हणून सांगितलं. त्या आत गेल्या आणि औषधाच्या गोळ्यांची एक लहान बाटली घेऊन आल्या. आत तळाशी चमचाभर कोरडे तांदूळ, ओल शोषायला, आणि वर वीसेक बिया. बाहेर चिकटपट्टीवर तारीख. "त्या अर्ध्या भोपळ्यातल्या. ताटलीत वाळवल्या होत्या मी. कागदावर वाळवू नयेत, चिकटतात." माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पुढचं विचारलं नाही. "घे, तुमच्याच आहेत."

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटसमूहावर डोंगराच्या पोटात जगभरच्या बियांची एक तिजोरी आहे, 2008 साली उघडलेली. उणे 18 अंशांत तिथे देशोदेशींच्या बी-पेढ्या आपापल्या बियांचा दुसरा संच ठेवतात. त्यातून बी परत मागायची पहिली वेळ आली 2015 साली. सीरियात अलेप्पोजवळ कोरडवाहू पिकांची एक मोठी बी-पेढी होती, तिथे युद्धामुळे काम करणं अशक्य झालं. त्या संस्थेनं आपलंच ठेवलेलं बी मागून घेतलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरलं, वाढवलं, आणि 2017 साली त्यातलं ताजं बी परत तिजोरीत नेऊन ठेवलं. हे वाचलं तेव्हा मला डोंगर दिसला नाही. चिकटपट्टीवर तारीख लिहिलेली गोळ्यांची बाटली दिसली. आणि मनात आलं की त्या अर्ध्या भोपळ्यातल्या बिया मी त्या दिवशी नीटनेटकेपणानं काढून घेतल्या असत्या, तर काकूंच्या हाती नुसती भाजी गेली असती, आणि माझ्या हाती आज बुरशी.

यंदा त्यातल्या चार बिया लावल्या. वेल झकास चढले. परवा सकाळी लेक धावत आत आली, हात पिवळे. "आजी, मादी फूल आलंय, पण त्याचा भोपळा गोल नाहीये!"

सगळे बाहेर गेलो. खरंच, फुलाच्या तळाशी गोल सुपारीऐवजी बोटासारखं काहीतरी लांबुळकं बसलं होतं. गेल्या खेपेला परागकण लावून झाल्यावर आम्ही फुलं बांधून ठेवली नव्हती, तेव्हा आमच्यामागून एखादी मधमाशी दुसऱ्याच कुणाच्या वेलावरून तिथे येऊन गेली असणार. तिची कारागिरी फळात दिसत नाही, बीत दडून राहते आणि ते पेरलं की पुढच्या वेलावर बाहेर येते.

"हा काही आपला नव्हे," सासूबाई म्हणाल्या.

"काकूंचा?" लेकीनं विचारलं.

"त्यांच्याकडे कुठे वेल होता? आणखीच कुणाचा तरी."

त्या आत गेल्या. मला वाटलं, चहा टाकायला. पण त्या वही घेऊन आल्या आणि खड्ड्याच्या कठड्यावर बसून 'दिले'च्या समोरच्या कोऱ्या पानावर पट्टी न घेता एक तिरकी रेघ मारली. वर लिहिलं, 'आले'. खाली तारीख. घराचं नाव लिहायच्या जागी पेन टेकवून त्या बराच वेळ थांबल्या, मग लेकीला म्हणाल्या, "जा, शाळेला उशीर होईल. आणि जायच्या आधी ते फूल सगळीकडून कर."